भिवंडीतून इलियासच्या आईसाठी

आधी माफी मागतो. आपल्या नाताळ अंकात कामाचे अनुभव आजवर निवृत्त माणसांनी लिहिले. कधी रेल्वेतल्या गार्डने लिहिलं, कधी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी. त्यांच्यामागे आयुष्यभराची नोकरी होती आणि ते वाचताना आपण काहीतरी शिकतोय असं वाटायचं. माझी तर अजून पदवीसुद्धा पूर्ण झालेली नाही. आठवडाभर मी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात स्कॅनर धरतो, ड्युटी जमवून भिवंडीत कॉलेजला जातो आणि शनिवारी-रविवारी आपलं चर्च झाडतो, खुर्च्या मांडतो. याला अनुभव म्हणावं का, मला खरंच कळत नाही. पण संपादकबाईंनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदाही नाही म्हटलं असतं तर ते उद्धटपणाचं झालं असतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला काहीही लिहिता येतं. तसं नाही. चुका असतील त्या पोटात घालाव्यात.

बाई म्हणाल्या, "अंक आता बाहेरचे लोकही वाचतात. सगळं समजेल असं लिही." म्हणून कामापासून सुरुवात करतो.

खुर्च्या मांडण्याशिवाय माझ्याकडे आणखी एक काम होतं. आमच्या उपासनेत उपदेश संपला, दान गोळा झालं, की एक जण उठून पुढे जातो आणि दुसऱ्यांसाठी मागतो. आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, देशासाठी, जगासाठी. याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. प्रत्येक मागणी संपली की तो म्हणतो, "हे प्रभू, तुझ्या दयेने," आणि सगळी मंडळी एका सुरात उत्तर देते, "आमची प्रार्थना ऐक." बस, एवढंच. मागणारा एकटा असला तरी उत्तर सगळ्यांनी द्यायचं असतं. उत्तर मिळाल्याशिवाय ती मागणी मंडळीची होत नाही, ती त्या एकट्याचीच राहते. बारावी झाल्यावर आमच्या गायकवाड पाळकसाहेबांनी हे काम माझ्याकडे दिलं. म्हणाले, "तुझा आवाज बरा आहे, आणि तू लांबण लावत नाहीस."

या कामाचे काही नियम त्यांनी मला शिकवले. प्रार्थनेत बातम्या द्यायच्या नाहीत. प्रार्थनेच्या आडून कुणाला टोमणा मारायचा नाही. आणि देवाला पत्ता समजावून सांगायचा नाही. हा शेवटचा नियम ऐकताना सोपा वाटतो, पण "अमुक हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या डाव्या बाजूला" असं तोंडातून निघून जातं.

लोक आपापल्या मागण्या मला फाटकापाशीच सांगत, मी झाडू मारत असताना. शांताआजी दर रविवारी जावयाच्या दारूसाठी मागायला लावायच्या. "पण नाव नको घेऊ हां. 'ठाण्यातला एक भाऊ' म्हण." मी तसंच म्हणायचो, आणि अख्ख्या मंडळीला ठाण्यातला तो भाऊ कोण ते माहीत असायचं. जावई स्वतः एकदा आला होता, त्यानेही सगळ्यांत मोठ्याने उत्तर दिलं. आमच्याच गोदामातला फोर्कलिफ्ट चालवणारा एक दादा म्हणाला, "अमोल, सुपरवायझरची बदली होऊ दे म्हणून माग." मी म्हटलं, "बदली नको दादा, त्याला चांगली बुद्धी मिळो असं मागू." तो थोडा विचार करून म्हणाला, "दोन्ही माग. जे स्वस्तात जमेल ते देव करील."

माझी एक चूक मात्र कायमची लोकांच्या लक्षात राहिली. एका रविवारी पाळकसाहेबांनी सूचनेची चिठ्ठीही माझ्याच हातात दिली. मागण्यांच्या ओघात मी वाचलं, "येत्या शनिवारी पाण्याची टाकी धुण्यासाठी ज्यांना जमेल त्यांनी बादली घेऊन यावे," आणि सवयीने पुढे म्हणालो, "हे प्रभू, तुझ्या दयेने." सगळी मंडळी डोळे मिटून एका सुरात म्हणाली, "आमची प्रार्थना ऐक." त्यानंतर काय झालं ते पाळकसाहेबांच्या हसू दाबताना हलणाऱ्या खांद्यांकडे बघून सगळ्यांना कळलं. अजूनही कुणाला मला चिडवायचं झालं की बादली घेऊन येऊ का, असं विचारतात.

हे सांगायचं कारण असं की आमची मंडळी उत्तर द्यायला कधीच चुकत नसे. टाकीलासुद्धा उत्तर मिळालं होतं.

मी भिवंडीला लागूनच्या शेलार गावात राहतो. रऊफचाचांच्या लूमच्या शेडमागे एक खोली आहे, ती भाड्याने घेतली आहे. आई-बाबा आधी इथेच होते, पण बाबांना इथली हवा मानवेना म्हणून दोघं जालन्याकडे गावी गेले. लूम चालू असले की भिंत थरथरते आणि ताटातली वाटी सरकते. गोदामात दिवसभर बोलायला कुणी नसतं. बोलायचं नसतंच. माल घ्यायचा, स्कॅन करायचा, बीप ऐकायचा, पुढचा घ्यायचा. कॉलेजात बरीचशी मुलं शाळेपासून एकमेकांना ओळखतात. मी तासाला जातो आणि ड्युटीसाठी निघून येतो. आई फोनवर विचारते, "जेवलास का?" मी हो म्हणतो आणि तिथेच फोन संपतो. त्यामुळे रविवारी फाटकापाशी लोक मला जावई, किडनी, व्हिसा, बारावी असं सगळं सांगायचे ते मला फार आवडायचं. आठवड्यात माझ्याशी कुणी सविस्तर बोलायचं ते तेवढंच.

तिकडे इस्रायल-गाझात युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्या मंडळीत पहिलं नाव घेतलं गेलं ते सुनीताताईचं. मंडळीतले ज्येष्ठ एलिया कसबेकाका यांची ही मुलगी. नर्सिंगचा कोर्स करून ती इस्रायलला एका म्हातारीची काळजी घ्यायला गेली आहे. भोंगा वाजला की त्या म्हातारीला उचलून जिन्याखाली नेते, असं काकू रडत सांगायच्या. मी दर रविवारी सुनीताताईचं नाव घ्यायचो, तिच्या म्हातारीचं घ्यायचो, ओलीस म्हणून पकडून नेलेल्या माणसांसाठी मागायचो. मंडळी भरल्या आवाजात उत्तर द्यायची.

काही महिन्यांनी पाळकसाहेबांच्या एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात चर्चच्या कार्यालयात काम करतो. गाझात काही ख्रिस्ती कुटुंबं चर्चच्या आवारात आसऱ्याला राहिली होती. इथल्या एकेका मंडळीने एकेक घर वाटून घ्यावं आणि दर रविवारी त्यांचं नाव घ्यावं, असं ठरलं होतं. पैसे नकोत, कपडे नकोत, फोटो नकोत. तिकडच्यांचं मागणं होतं ते फक्त नाव घ्यायचं. आमच्या वाट्याला आलं ते घर असं होतं: इलियासची आई, इलियास आणि त्याची लहान मुलगी. आईला हृदयाचा आजार, गोळ्या मिळत नाहीत.

तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. मला त्याचं काही नवल वाटलं नाही. गावी माझ्या आईलाही सगळे अमोलची आईच म्हणतात.

सुरुवातीला एकदा इलियासचा आवाजही आला. पाळकसाहेबांच्या फोनवर रेकॉर्ड केलेला निरोप होता, इंग्रजीत. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण त्याचंही माझ्यासारखंच शोधत शोधत बोललेलं होतं, म्हणून कळलं. "आज आम्ही ठीक आहोत," असं म्हणून तो थांबला आणि पुन्हा म्हणाला, "आज." मग म्हणाला, "आई विचारते, भिवंडी कुठे आहे?" पाळकसाहेबांनी कळवलं की मुंबईजवळ आहे, इथे यंत्रमागावर कापड विणतात, रात्रंदिवस खडखडाट असतो. त्यावर आईचं उत्तर आलं, "बिचारे! मग त्यांनाही झोप लागत नसेल."

मला त्या बाईंबद्दल त्याच दिवशी आपलेपणा वाटला. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण त्या परिस्थितीत आमच्या झोपेची काळजी करणारी बाई आहे एवढं मला पुरलं. ती जगावी असं मला फार वाटू लागलं. देशोदेशीच्या मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत. मला फक्त एवढं हवं होतं की तिला गोळ्या मिळाव्यात आणि ती आपल्या घरी परत जावी.

त्या रविवारी सुनीताताईची मागणी झाली, उत्तर आलं. मग मी म्हणालो, "गाझात चर्चच्या आवारात राहणाऱ्या इलियासच्या आईसाठी, इलियाससाठी, त्याच्या मुलीसाठी. पॅलेस्टिनी लोकांना न्याय मिळावा, त्यांची घरं त्यांना परत मिळावीत, आणि दोन्हीकडच्या आयांना शांत झोप लागावी म्हणून. हे प्रभू, तुझ्या दयेने."

कुणीच काही बोललं नाही.

पंखे फिरत होते. बाहेर रिक्षा रिव्हर्स घेत होती, तिचं गाणं ऐकू येत होतं. पुढे जावं की थांबावं हे मला कळेना. तेवढ्यात डाव्या बाजूने एकटा, थरथरता आवाज आला, "आमची प्रार्थना ऐक." शांताआजी होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं उत्तर नेहमीच सगळ्यांच्या मागून येतं. त्या माझी मागणी ऐकून बोलल्या की न ऐकता सवयीने, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलंही नाही.

उपासना सुटल्यावर कसबेकाका फाटकाशी उभे होते. आमच्यात एकमेकांना सलामच म्हणतात, तसं मी "सलाम काका" म्हटलं. त्यांनी सलाम घेतला नाही.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"पाळकसाहेबांनी, काका. आपल्याला घर वाटून दिलंय."

"सुनीताचं नाव घे. तिच्या म्हातारीचं घे. पण दुसऱ्या बाजूचं कशाला? देवाचे निवडलेले लोक कोण हायत, शास्त्रात वाचलं न्हाय काय तू? कॉलेजात गेला म्हणून इसरला?"

"काका, दुसऱ्या बाजूलाही आपलीच मंडळी आहे. आपल्याआधीपासून ख्रिस्ती आहेत ते."

"आपली? नाव बघ एकेकाचं. इलियास म्हणे!"

इलियास म्हणजे एलियाच, पाळकसाहेबांनी मला सांगितलं होतं. पण एलियाकाकांना ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझी पोर जिन्याखाली बसून फोन करते," ते म्हणाले. "मागं जो आवाज येतो ना, तो मी ऐकलाय. तू ऐकलायस?"

इलियासच्या निरोपामागेही एक आवाज होता. पण एका बापाला हे फाटकापाशी कसं सांगायचं?

त्या संध्याकाळी खोलीच्या दारात बसलो होतो. रविवारी चाचांचे लूम बंद असायचे, कारीगर नसायचे. चाचा बाहेर खाटेवर बसले होते. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलतात, रागावले की हिंदीत शिरतात. मी त्यांना सगळं सांगितलं.

"किरिस्ताव? तिकडं?" चाचा खाटेवर सरळ बसले. "तिकडं तुमचे लोक पण हायत?"

"आहेत चाचा. थोडे आहेत, पण पहिल्यापासून आहेत."

"कमाल हाय! एवढं टीव्हीवर बघतो, हे कोणी सांगितलंच न्हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुझ्या लोकांना पण म्हाइत न्हाय?"

"नाही."

"मग आपण सारखेच." असं म्हणून ते जरा हसले. तेव्हापासून दर रविवारी मी परत आलो की चाचा विचारायचे, "आज नाव घेतलंस?"

चर्चच्या कमिटीत माझा विषय निघाला. मी बाहेर सतरंज्या गुंडाळत होतो. पाळकसाहेब मला नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "अमोल, लोक दुखावलेत. तू असं कर, मोठ्याने 'सर्व युद्धग्रस्तांसाठी' म्हण. इलियासच्या आईचं नाव मनात घे. देवाला मनातलंही कळतं." ते खूप मऊ स्वभावाचे आहेत. मला त्यांचा राग आला नाही. मी तसं करू लागलो. "सर्व" म्हणायचो, जरा थांबायचो, तेवढ्या वेळात मनात तिन्ही नावं घ्यायचो. मंडळी खणखणीत उत्तर द्यायची. 'सर्व' शब्दाला कुणाचीच हरकत नव्हती.

पण ते उत्तर मला पोचायचं नाही. गोदामात माल पोचला की पलीकडे स्कॅन होतो आणि आपल्याला स्क्रीनवर दिसतं. प्रार्थनेचं तसं नाही, हे मला माहीत आहे. तरी वाटायचं, इलियासच्या आईने आपल्याकडून एकच गोष्ट मागितली होती आणि आपण तेवढीच द्यायचं टाळलं आहे.

तिकडून निरोप येणंही बंद झालं. पाळकसाहेबांचा मित्र म्हणायचा, "फोन लागत नाही. कळलं की सांगतो."

चाचांशी मला खोटं बोलता येईना. एका रविवारी सांगून टाकलं की हल्ली नाव मनात घेतो.

"मनात?" चाचा भडकले. "अरे मन में तो मैं भी लेता हूँ! माझी बीवी पण घेते. तुझं कामच मोठ्यानं बोलायचं हाय, आणि तू पण मनात?"

"लोक उत्तर देत नाहीत, चाचा."

"लोक! हम इतने साल से अजान सुनते हैं, सगळे उठतात काय? म्हणून अजान देणारा मनात बोलतो?"

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्च भरलेलं असतं. पडघ्याकडून, कल्याणहून माणसं येतात, मागे उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी मध्यस्थी लांब असते, एकेका समाजासाठी, एकेका दुःखासाठी वेगळी मागणी असते. सुनीताताईचं नाव झालं. तिच्या म्हातारीचं झालं. मग मी मोठ्याने, स्पष्ट म्हणालो, "इलियासच्या आईसाठी. तिच्या छातीतलं दुखणं बरं व्हावं, तिला औषध मिळावं. इलियाससाठी, त्याच्या मुलीसाठी, आणि त्या सगळ्या लोकांसाठी, ज्यांना आज न्याय देणारं कुणी दिसत नाही. हे प्रभू, तुझ्या दयेने."

थोडी उत्तरं आली. मागच्या बाजूने, बाहेरगावच्या लोकांकडून. पुढच्या रांगेत कसबेकाका उठले, टोपी घातली आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. शंभर वेळा पॉलिश केलेल्या त्यांच्या बुटांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. काकू मात्र उठल्या नाहीत. त्या मान खाली घालून तिथेच बसून राहिल्या.

पुढच्या आठवड्यात मला "थोडे दिवस विश्रांती" देण्यात आली. मध्यस्थी कसबेकाका करू लागले. ते मनापासून करतात, पण देवाला पत्ता समजावून सांगतात. लिफ्ट, मजला, बेड नंबर, सगळं. जूनमध्ये गायकवाडसाहेबांची बदली झाली. नवे पाळकसाहेब कल्याणहून महिन्यातून दोनदा येतात. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही आणि मीही सांगितलं नाही.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोक मला सांगायचे बंद झाले. फाटकापाशी मी झाडू मारत असायचो आणि लोक माझ्या शेजारून काकांकडे जायचे. शांताआजी एकदा सवयीने माझ्यापाशी आल्या, जावयाचं अर्धं सांगितलं आणि थांबल्या. "अगो बया, तू आता न्हाय ना रे?" म्हणाल्या आणि काठी टेकत काकांकडे वळल्या. जावयाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

शनिवारी मी चर्च झाडायला जातो तेव्हा आत कुणी नसतं. खुर्च्या मांडून झाल्या की मी पुढे उभा राहतो. सुनीताताईचं नाव घेतो, तिच्या म्हातारीचं घेतो, ठाण्यातल्या भावाचं घेतो. मग इलियासच्या आईचं. आवाज तेवढाच काढतो जेवढा मंडळी असताना काढायचो. "हे प्रभू, तुझ्या दयेने" म्हणतो आणि तेवढाच थांबतो. उत्तर मी देत नाही. ते माझं काम नाही.

चाचा अजून विचारतात. "घेतलंस?"

"घेतलं, चाचा. शनिवारीच."

"कोण होतं?"

"कुणी नाही."

"ठीक हाय. गर्दीत तरी कोण ऐकतं?"

इथपर्यंत लिहून मी लेख संपवणार होतो. इलियासची आई जिवंत आहे की नाही, हे मला माहीत नाही, असं शेवटचं वाक्यही लिहिलं होतं. ते आता खोडावं लागलं.

गेल्या शनिवारी मी खुर्च्या मांडत असताना कसबेकाका आले. शनिवारी ते कधी येत नाहीत. मागच्या खुर्चीवर बसले.

"च्या घेतलास?"

"नंतर घेतो, काका."

"हं." ते छताकडे बघत राहिले. "तो दुसरा पंखा आवाज करतोय."

"तेल घालतो."

"घाल." मग एकदम म्हणाले, "हे बघ, मला अजून तुझं पटलेलं न्हाय. ते सोड. मी सुनीताला तुझी तक्रार केली होती. त्या शुक्रवारनंतर. वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती माझ्यावरच उखडली. म्हणली, पप्पा, मी सुट्टीच्या दिवशी ज्या चर्चात जाते तिथं अर्धे लोक पॅलेस्टिनीच हायत. जेवण करून आणतात मला. त्यांची माणसं गाझात अडकलीयत." ते थांबले. "मला हे तिनं कधी सांगितलंच न्हवतं. मी कधी विचारलं न्हवतं म्हणा."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "मला ते लावता येत न्हाय. तूच लाव. काल आलंय."

मी बटण दाबलं. सुनीताताईचा आवाज आला. लहानपणी ती आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे लगेच ओळखू आला.

"पप्पा, हे अमोलला ऐकवा. अमोल, सुनीताताई बोलते रे. माझ्या म्हातारीची बरी आहे तब्येत. तू नाव घेतोस ते मी तिला सांगितलंय. ऐक, आमच्या इथल्या चर्चमध्ये एक बाई आहे, तिची बहीण गाझात इलियासच्या त्याच आवारात राहते. खूप महिने फोन लागत नव्हता. आता लागला. मी तिला विचारायला सांगितलं होतं. इलियासची आई गेली रे. नाताळ झाल्यावर, थंडीतच गेली. गोळ्या शेवटपर्यंत मिळाल्याच नाहीत. तिथेच आवारात पुरली."

काकांनी हात पुढे केला, तसा मी निरोप थांबवला.

"थंडीत?" ते म्हणाले. निरोप त्यांनी काकूंकडून लावून घेऊन आधी ऐकलेला होता, तरी पुन्हा विचारलं. "म्हणजे शुक्रवारी मी उठून गेलो, तवा ती..."

"नव्हती काका."

आमच्यात मेलेल्यांसाठी मागत नाहीत. मागितलं तर चुकीचं मानतात. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. काकांनी फोनकडे बोट केलं. मग म्हणाले, "पुढचं लाव. पुढं हाय अजून."

मी लावलं.

"इलियास आहे. पायाला लागलंय त्याच्या, पण चालतो. मुलगी पण आहे, रीटा नाव तिचं. त्या बाईच्या बहिणीनं इलियासला तुमचं विचारलं, तर त्याला सगळं आठवत होतं. तो म्हणाला, आई गेली तेव्हा आमच्याकडे कळवायला फोनच नव्हता. त्याला एकच गोष्ट राहून गेल्यासारखी वाटत होती. त्यानं सांगितलंय, कसंही करून भिवंडीला कळवा. आमच्या घरचं माणूस गेलंय, त्यांना कळायला पाहिजे."